सासूबाईंचा सीआरपी दोन महिन्यांत १.७ वरून १८.४ वर गेलाय, घाबरायचं का?

कृष्णाकाठची (वाई)

नमस्कार मंडळी. दोन दिवस घरात सगळे कुजबुजत बोलताहेत, म्हणून शेवटी इथे विचारतेय.

सासूबाई ६७ वर्षांच्या. प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, साखर काठावर. बाकी बाई काटक. जूनच्या शेवटी चार दिवस ताप-खोकला झाला तेव्हा नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं. अंगात दाह आहे का ते दाखवणाऱ्या दोन चाचण्या, सीआरपी १.७ आणि ईएसआर ५४. व्हायरल आहे म्हणाले, आणि ताप गेलाही.

परवा नवऱ्याने ऑफर आहे म्हणून 'फुल बॉडी' पॅकेज घेतलं. घरी येऊन रक्त घेऊन गेले, रात्री फोनवर पीडीएफ. चौदा पानं, निम्म्या पानांवर रंगीत चित्रंच. आकडे उतरवते. हिमोग्लोबिन १०.२, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ७९. पांढऱ्या पेशी ८,४००. त्यात न्यूट्रोफिल ६६ टक्के, लिम्फोसाइट २२, मोनोसाइट ५, इओसिनोफिल ७ (हे लाल रंगात). प्लेटलेट ४ लाख ३८ हजार. ईएसआर ६८, लाल. सीआरपी १८.४, लाल आणि ठळक. आरए फॅक्टर (संधिवातासाठी करतात ती चाचणी) १९, मर्यादा १४, लाल. फेरिटिन ५८, हिरवं. टोटल प्रोटीन ७.६, अल्ब्युमिन ३.५, ग्लोब्युलिन ४.१, याही ओळीत काहीतरी लाल आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच लॅबचा फोन. "मॅडम, पेशंटच्या बॉडीमध्ये इन्फ्लमेशन आहे, इम्युनिटी खालावलीय, इम्युनिटी प्रोफाइल करून घ्या, आज बुक केलंत तर निम्म्या किमतीत." नवरा कार्ड शोधायला उठलासुद्धा. मी त्याला खाली बसवलं. तेवढ्यात नणंदेने कुठेतरी वाचून 'कॅन्सर' हा शब्द फोनवर उच्चारला. तेव्हापासून ही कुजबुज.

आई स्वतः म्हणतात, मला काही झालेलं नाही, ती पानं रद्दीत घाला.

दोन महिन्यांत दहापट कसं वाढतं हो? आणि इम्युनिटी कमी झालीय की जास्त, हेच मला कळेनासं झालंय.

तुळशीबाग

ताई, आमच्याकडे अशा वेळी गुळवेलीचा काढा आणि रात्री हळद-दूध. महिन्यात सगळे आकडे जाग्यावर येतात. लॅबवाल्यांच्या नादी लागू नका.

पाचकिमी_रोज

एनएलआर काढा, सगळे हल्ली तोच बघतात. न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट. तुमच्या आईंचा ६६ ÷ २२ = ३. तीनच्या वर गेला की क्रॉनिक इन्फ्लमेशन. म्हणजे अगदी बॉर्डरवर आहे. माझा १.४ आहे.

निवृत्त_पिपेट (मिरज)

ताई, आधी एक काम करा. जूनचा कागद काढा आणि १.७ च्या पुढे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. पैज लावतो, तिथे 'मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर' असणार आणि मर्यादा ०.५ च्या आसपास. नव्या पीडीएफमध्ये 'मिलिग्रॅम प्रति लिटर' असेल, मर्यादा ५ किंवा ६. एका लिटरमध्ये दहा डेसिलिटर. म्हणजे जूनचा १.७ हा नव्या मापात १७. सतराचे अठरा झालेत, एवढंच. एकच सँपल दोनदा लावलं तरी एवढा फरक पडतो. ही एककाची गफलत मी आयुष्यात इतक्या वेळा बघितलीय की काही डॉक्टरांना फोन करून सांगायचो, साहेब, आकडा वाचायच्या आधी शेपटी वाचा.

मी मिरजेत चौतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली. डॉक्टर नाही. निदान सांगणं तेव्हाही माझं काम नव्हतं. पण आकडा कागदावर कसा येतो ते हाताने केलेलं आहे, म्हणून त्याबद्दल बोलतो.

ईएसआर म्हणजे काय? पेलाभर ताक ओट्यावर ठेवून तासभर विसरा. वर निवळ येते, घट्ट खाली बसतं. रक्ताचं तेच. सोडियम सायट्रेट घातलेलं रक्त २०० मिलिमीटरच्या खुणा असलेल्या नळीत भरायचं, नळी ताठ उभी करायची, घड्याळ लावायचं, आणि तासाने वरची पिवळसर निवळ किती मिलिमीटर झाली ते लिहायचं. अंगात कुठे दाह असला की यकृत फायब्रिनोजेन जास्त बनवतं. त्याने तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात, नाण्यांच्या चवडी लावाव्यात तशा, आणि चवड एकट्या नाण्यापेक्षा लवकर तळ गाठते. पोलंडमधल्या बिएर्नात्स्कींनी १८९७ मध्ये हे मांडलं, आणि ती नळी स्वीडनच्या वेस्टरग्रेन यांच्या १९२१ च्या पद्धतीची. शंभर वर्षं झाली, तत्त्व तेच.

आणि ही चाचणी भारी लहरी. नळी जरा कलली की आकडा वाढतो. स्टँड उन्हात राहिला तरी वाढतो. सकाळचं सँपल संध्याकाळी लावलं तर उलट कमी येतो. एका लॅबमध्ये (कुठल्या ते विचारू नका) टेबलाचा एक पाय आखूड होता. त्याखाली कुणीतरी घडी करून ठेवलेला पुठ्ठा झाडताना निघून गेला, आणि त्या दिवशी सकाळच्या बाराच्या बारा पेशंटांचा ईएसआर चढा. मला शंका आली म्हणून स्वतःचं रक्त लावलं. एरवी ६ असायचा, ३१ आला! बाराही पुन्हा लावले. हल्ली बऱ्याच ठिकाणी मशीन आहे, पाय आखूड असायची भीती नाही. पण तीन गोष्टी मशीनलाही चुकत नाहीत. वय वाढलं की ईएसआर वाढतो, बायकांचा पुरुषांपेक्षा जास्त असतो, आणि रक्त कमी असलं की पेशी विरळ होऊन भराभर बसतात. बाईच्या वयात दहा मिळवून निम्मे करायचे, असा एक ढोबळ हिशेब आहे. आईंचे ७७ चे निम्मे, साधारण ३८. त्यामुळे ६८ मधला काही भाग वयाचा, काही १०.२ हिमोग्लोबिनचा. तरी उरतोच.

सीआरपीला असल्या लहरी नाहीत. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या पेशंटांच्या रक्तात हा प्रथिनाचा प्रकार सापडला. न्यूमोकॉकस जंतूच्या 'सी' नावाच्या घटकाशी तो जुळतो, म्हणून सी-रिअ‍ॅक्टिव्ह. हाही यकृतातच बनतो. आम्ही शिकलो तेव्हा काळ्या काचेवर सिरमचा थेंब, लॅटेक्सचा थेंब, काडीने ढवळून दोन मिनिटं काच हलवायची. दाणे पडले तर पॉझिटिव्ह, नाही तर निगेटिव्ह. आकडा बिकडा नाही. आता मशीन दशांश काढून देतं आणि लोक दशांशालाच घाबरतात.

यातलं कामाचं सांगतो. दाह सुरू झाला की सीआरपी सहा-आठ तासांत चढायला लागतो, दीड-दोन दिवसांत माथ्यावर जातो. दाह थांबला की साधारण एकोणीस तासांत निम्मा, पुढच्या एकोणीस तासांत त्याच्या निम्मा. म्हणजे १७ चा पाचच्या खाली यायला दोन दिवस पुरतात. ईएसआर मात्र उतरायला आठवडे घेतो. आता बघा. जूनचा १७ तापाच्या खात्यात मांडला, ठीक. ताप चार दिवसांत गेला. मग ऑगस्टचा १८ कुणाच्या खात्यात?

म्हणून वाढला याची काळजी सोडा. उतरला नाही, हे मात्र डॉक्टरांच्या कानावर घाला, आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवा. एकटा कागद काही सांगत नाही.

बाकीच्या लाल अक्षरांबद्दल थोडक्यात. नॉर्मलची रेघच अशी ओढलेली असते की धडधाकट शंभर माणसांतले पाच तिच्याबाहेर पडावेत. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या तर ठणठणीत माणसालाही एखादा तरी लाल आकडा यायची शक्यता ६४ टक्के निघते. आणि पॅकेजमध्ये तर सत्तर-ऐंशी. लाल शाई स्वस्त असते. १४ च्या जागी १९ आरए फॅक्टर या वयात सांधे न दुखणाऱ्यांनाही येतो. तेवढ्यावरून संधिवात ठरत नाही. इओसिनोफिलचे टक्के बघू नका, एकूण आकडा काढा: ८,४०० चे ७ टक्के म्हणजे ५८८. मर्यादा ५०० धरतात. धूळ, सर्दी, जंत, काहीही असेल. आपल्याकडे काही हजारांत गेलेले पण बघितलेत, हे त्यातलं नव्हे.

पाचकिमी साहेब, भागाकार तुमचा बरोबर आहे, पण त्यावर एकट्यावर कुठला डॉक्टर औषध देत नाही. काल रात्री झोप झाली नाही, सकाळी जिना धावत चढलात, एवढ्यानेही तो हलतो.

आता ती इम्युनिटी. तसलं मीटर अजून आलेलं नाही. सीआरपी वाढला म्हणजे प्रतिकारशक्ती आटली असं नाही, ती कुठेतरी कामाला लागलीय. ती खरंच कमी पडतेय का याचा संशय वेगळ्या गोष्टींवरून येतो: वर्षात दोनदा न्यूमोनिया, न भरणाऱ्या जखमा, लिम्फोसाइट सतत हजाराच्या खाली, ग्लोब्युलिन (प्रतिपिंडं यातच येतात) फारच कमी. आईंचे लिम्फोसाइट १,८४८ आहेत आणि ग्लोब्युलिन उलट जास्त. त्या गोड आवाजाच्या बाईंना टार्गेट असतं, त्यांचाही इलाज नाही. पण कार्ड खिशातच राहू द्या.

आता कागद मिटा आणि मला आईंचं सांगा. वजन उतरलंय का? संध्याकाळी कणकण येते का? रात्री घाम? लघवीला जळजळ? दात-हिरड्या? कवळी बोचते का? सकाळी उठताना अंग कसं असतं? हात डोक्याच्या वर जातात का?

कृष्णाकाठची

काका, पैज जिंकलात. जूनच्या कागदावर एमजी/डीएल आहे. नणंदेला फोन करून सांगितलं, ती रडलीच.

बाकीचं रात्री आईंना विचारायला बसले. ताप नाही, घाम नाही, लघवीचं काही नाही. वजन तीन किलो उतरलंय, पण जेवण कमी केलंय असं त्या म्हणतात. कवळी नाही, दात स्वतःचे, त्याचा त्यांना अभिमान आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मात्र मी गप्प झाले. आईंचे केस कमरेपर्यंत. रोज सकाळी आंघोळ करून स्वतः अंबाडा घालायच्या, लग्नापासून बघतेय. गेले दोन-अडीच महिने माझी मुलगी घालून देतेय. मला वाटलं आजी-नातीचं गूळपीठ! मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "आजीचे हात वर जात नाहीत ना, तुला माहीत नाही?" पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळतात, मग खिडकीचा गज धरतात. दोन्ही खांदे, मांड्या आणि कमरेचा भाग सकाळी लाकडासारखे होतात म्हणे. अकरा वाजले की सैल पडतं आणि मग दिवसभर काही नाही. आम्ही दोघं साडेनऊला बाहेर पडतो ते सातला परत येतो. आम्हाला दिसणार कधी?

त्यांना म्हटलं, सांगितलं का नाही? "वय झालं की व्हायचंच. त्यात सांगायचं काय?"

निवृत्त_पिपेट (मिरज)

इथे माझं काम संपलं. हे जसंच्या तसं, अंबाड्यासकट, एमडी मेडिसिन किंवा संधिवाततज्ज्ञांना सांगा. रिपोर्टच्या आधी अंबाडा सांगा.

गोदाकाठचा_डॉक्टर (नाशिक)

मी फिजिशियन आहे. पेशंट न तपासता निदान सांगणार नाही, पण कुठल्या दिशेने बघायचं ते लिहितो.

पन्नाशीपुढचं वय, दोन्ही खांदे आणि दोन्ही कंबरा-मांड्या सकाळी तासाच्या वर आखडणं, आणि चढा ईएसआर-सीआरपी. हे वाचल्यावर पॉलिमायाल्जिया रूमॅटिका डोळ्यांसमोर येतो. नाव मोठं आहे, आजार उपचाराला फार चांगला दाद देतो. पण तसाच दिसणारा दुसरा कुणी नाही ना, हे आधी बघावं लागतं. कोलेस्टेरॉलच्या गोळीने स्नायू दुखू शकतात, म्हणून सीपीके (स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी रक्तचाचणी). थायरॉइड. ग्लोब्युलिन ४.१ आणि रक्त कमी आहे, म्हणून सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करून बघायची चाचणी). दाहाने ग्लोब्युलिन वाढतं ते सगळ्या प्रकारचं थोडं थोडं, पण एकच प्रकार उंच उभा दिसला तर मायलोमाचा (अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कॅन्सरचा) शोध घ्यावा लागतो. छातीचा एक्स-रे, कारण आपल्याकडे टीबीला विसरून चालत नाही. आरए फॅक्टरवरून उगाच चर्चा नको, अँटी-सीसीपी (संधिवातासाठी जास्त नेमकी चाचणी) करून तो प्रश्न मिटवा.

फेरिटिन ५८ हिरव्या रंगात आहे, त्यावर विश्वास ठेवू नका. फेरिटिन लोहाचा साठा दाखवतं, पण दाह असला की तेही सीआरपीसारखं वर चढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार निरोगी मोठ्या माणसात १५ च्या खाली लोहाची कमतरता धरतात, पण दाह असताना हीच रेघ ७० वर जाते. आईंचा एमसीव्ही ७९ आहे, प्लेटलेट वरच्या टोकाला. मला तिथे लोह कमी असल्याचा दाट संशय आहे.

पॉलिमायाल्जियावर स्टेरॉइड देतात, पण ते कुणीही फोनवर सुरू करून देऊ नये, शेजारच्या काकूंकडे उरलेल्या गोळ्या तर नाहीच. एकदा घेतलं की आकडे खाली येतात आणि मूळ काय होतं ते झाकलं जातं. सुरू करण्याआधी शौचाची तपासणीही करून घ्या. इओसिनोफिल थोडे वाढलेत. पोटात स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत असला आणि वरून स्टेरॉइड दिलं तर तो अंगभर पसरू शकतो.

आणि हे आजच विचारा: नवीन डोकेदुखी, कानशिलाला हात लावल्यावर दुखणं, चावताना जबडा भरून येणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा दोन-दोन दिसणं. यातलं एकही असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. पॉलिमायाल्जियासोबत कधी कधी कानशिलाच्या धमनीलाही दाह होतो, त्या प्रकारात दृष्टी जाऊ शकते आणि गेलेली सहसा परत येत नाही.

तुळशीबाग, हळद-दुधाला माझी हरकत नाही. गुळवेलीला आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या पेशंटांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली, तो वाद आहे. पण प्रतिकारयंत्रणा आधीच उसळलेली असताना तिला आणखी चेतवायचं कशाला, एवढंच मला म्हणायचंय.

तुळशीबाग

बरं. हळद-दूध राहू द्या.

पाचकिमी_रोज

डॉक्टर, एक अवांतर. माझा एचएस-सीआरपी (हृदयाचा धोका बघायला करतात तो बारीक मोजणारा सीआरपी) ०.६ होता, मागच्या महिन्यात ४.२ आला. हृदयाचं काही?

गोदाकाठचा_डॉक्टर (नाशिक)

आदल्या दिवशी काय केलं होतंत?

पाचकिमी_रोज

हाफ मॅरेथॉन.

गोदाकाठचा_डॉक्टर (नाशिक)

दोन आठवडे सर्दी-खोकला नसताना, लांब न धावता पुन्हा करा. आणि मग विसरून जा.

कृष्णाकाठची

सात आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. तुम्हा दोघांना सांगायचं राहून गेलं म्हणून टोचत होतं.

डोकं, जबडा, डोळे, काही नव्हतं. साताऱ्याला मेडिसिनच्या डॉक्टरांकडे गेलो. काकांनी सांगितलं तसं मी फाईल पिशवीतच ठेवली आणि अंबाड्यापासून सुरुवात केली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि आईंना म्हणाले, "आजी, हात वर करून दाखवा." खांद्याच्या वर गेलेच नाहीत. आई त्यांच्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या.

सीपीके, थायरॉइड, एक्स-रे ठीक. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये एकच उंच टोक नाही, सगळीकडे पसरलेली वाढ. अँटी-सीसीपी निगेटिव्ह. शौचात जंत नाहीत. पॉलिमायाल्जियाच. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) १५ मिलिग्रॅम रोज सकाळी नाश्त्यानंतर, सोबत कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व. चौथ्या दिवशी सकाळी मी डबे भरत होते, मुलगी फणी घेऊन आजीच्या खोलीत गेली आणि तशीच परत आली. म्हणाली, "आजीने घातला."

नवे आकडे, एककासकट. सीआरपी २.६ मिलिग्रॅम प्रति लिटर. ईएसआर ३०. हिमोग्लोबिन १०.४. फेरिटिन १३! डॉक्टर, तुमचा संशय खरा निघाला, दाह ओसरल्यावर खालचा खडखडाट दिसला. लोहाची गोळी लगेच सुरू केली.

पण दोन गोष्टींनी धास्ती वाटतेय. पांढऱ्या पेशी ८,४०० वरून १२,१०० झाल्यात, आणि इओसिनोफिल ७ टक्क्यांवरून १ टक्का. आता इन्फेक्शन तर झालं नाही ना? आणि उपाशीपोटी साखर १२८.

निवृत्त_पिपेट (मिरज)

वा! अंबाड्याचं वाचून बरं वाटलं.

१२,१०० ला घाबरू नका. स्टेरॉइडने न्यूट्रोफिल रक्तवाहिन्यांच्या कडेला चिकटून बसलेले असतात ते सुटून मधल्या प्रवाहात येतात, म्हणून मोजदाद वाढते. इओसिनोफिल त्याच औषधाने खाली जातात. काउंटच्या कागदावर या दोन ओळी बघितल्या की आम्ही पेशंटला न भेटता सांगायचो, याला स्टेरॉइड चालू आहे. ताप, खोकला, लघवीला त्रास असेल तर मात्र वेगळं, तेव्हा हा हिशेब धरू नका. स्टेरॉइडवर असताना ताप दबूनही राहतो, एवढं ध्यानात ठेवा. साखरेचं डॉक्टर सांगतील.

गोदाकाठचा_डॉक्टर (नाशिक)

पिपेटकाकांशी सहमत. साखर स्टेरॉइडने चढते, आधीच काठावर असलेल्यांची जास्त. सकाळी गोळी घेणाऱ्यांची साखर दुपारनंतर जास्त चढते, त्यामुळे उपाशीपोटीच्या आकड्यावर समाधान मानू नका. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी तपासा आणि तुमच्या डॉक्टरांना कळवा. गोळी हळूहळू कमी करत न्यायची असते, बहुतेकांना वर्षभर किंवा जास्त लागतं. मध्येच बरं वाटलं म्हणून स्वतः बंद करायची नाही, हे आईंना दोनदा सांगा.

आता लोह. गोळीने ते भरेल, पण ६७ व्या वर्षी, पाळी बंद झालेल्या बाईच्या शरीरातून लोह गेलं कुठे? पोटातून किंवा आतड्यातून थेंबथेंब रक्त जात नाही ना, ते बघायला हवं. पोटाच्या डॉक्टरांना दाखवा; दुर्बिणीची तपासणी सुचवतील. टाळू नका. ऑगस्टच्या कागदापासून डोळ्यांसमोर असलेला हा दुसरा धागा आहे, पॉलिमायाल्जिया सापडला म्हणून तो सुटला असं धरू नका. लोहाच्या गोळीने शौचाला काळपट होतं, त्यामुळे रंगावरून अंदाज बांधता येणार नाही.

कृष्णाकाठची

पुढच्या मंगळवारची वेळ घेतलीय. आई तयार नव्हत्या. "खांदे सुटले ना, मग पोटात कशाला दुर्बीण?" म्हणून दोन दिवस फुरंगटून बसल्या होत्या. शेवटी नातीने पटवलं. काय बोलली ते दोघीही सांगत नाहीत.

आणि हो, पॅकेजवाल्या बाईंचा आज पुन्हा फोन आला होता. सहा महिन्यांच्या मेंबरशिपबद्दल. फोन आईंनी घेतला. त्यांनी आधी विचारलं, "तुमच्या कागदावर सीआरपी एमजी पर लिटर असतो की डेसिलिटर?" पलीकडून धरा म्हणाल्या, मग गाणं वाजायला लागलं. आई स्पीकर लावून ऐकत बसल्यात, अजून चालू आहे.